मॅलाप्रॉपबाईंचं नाव आधी, की शब्द आधी?

इंग्रजी साहित्यातल्या काही संज्ञा कुणाच्या तरी नावावरून घडल्या आहेत. त्यांच्याबद्दल गेल्या काही दिवसांत बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रं विद्यार्थ्यांची आणि नाटकवाल्यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमचं मंडळ शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ या इंग्रजी विनोदी नाटकाचं मराठी रूपांतर जत्रेसाठी बसवत आहे. ‘मॅलाप्रॉपिझम’ (हव्या त्या शब्दाच्या जागी सारख्या उच्चाराचा भलताच शब्द येणं) हा शब्द त्यातल्या मिसेस मॅलाप्रॉपवरून आला असं सगळे सांगतात, पण तो फ्रेंच आहे असंही वाचनात आलं. खरं काय? दुसरं असं की तिचे संवाद शब्दशः मराठीत केले तर तालमीत कुणी हसत नाही. ते आणायचे कसे?
— नाट्यमंडळाचे एक सदस्य, फोंडा

उत्तर : दोन्ही खरं आहे, फक्त क्रम लक्षात घ्यायला हवा. ‘माल आ प्रोपो’ हा फ्रेंच वाक्प्रचार. अर्थ ‘प्रसंगाला न शोभणारं’. तो सतराव्या शतकातच इंग्रजीत रुळला होता. शेरिडनने त्याचंच आडनाव केलं आणि आपल्या पात्राला दिलं. म्हणजे शब्दाचं नाव झालं, आणि नाटक गाजल्यावर त्या नावाचा पुन्हा शब्द झाला. बोलण्यातली चूक या अर्थाने ‘मॅलाप्रॉप’ हा शब्द इंग्रज कवी बायरनने १८१४ मध्ये वापरलेला सापडतो. ‘इझम’ची शेपटी नंतर लागली.

नाटक लगेच गाजलं नाही, हेही मंडळाला ठाऊक असावं. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये १७ जानेवारी १७७५ रोजी पहिला प्रयोग झाला आणि तो पडला. नाटक फार लांबलं होतं, आणि आयरिश सद्‌गृहस्थाचं पात्र लोकांना खटकलं. तेवीस वर्षांच्या शेरिडनने नाटक मागे घेतलं, कापलं, त्या पात्रासाठी नट बदलला आणि २८ जानेवारीला पुन्हा रंगमंचावर आणलं. या वेळी ते चाललं. तुमची संहिता लांबते आहे असं वाटत असेल तर कात्री चालवायला भिऊ नका. मूळ लेखकानेच ती चालवली आहे.

शब्दांची अशी गल्लत करणारं मॅलाप्रॉपबाई हे पहिलंच पात्र, असंही नाही. शेक्सपियरच्या ‘मच अ‍ॅडो अबाउट नथिंग’मधला डॉगबेरी असाच बोलतो. फील्डिंगच्या १७४२ च्या कादंबरीतली मिसेस स्लिपस्लॉप तर या बाईंची थोरली बहीण शोभेल. शेरिडनची आई फ्रान्सिस हिने लिहिलेल्या एका नाटकातही मिसेस ट्रायफोर्ट नावाची अशीच एक बाई आहे. मुलाने कुठून उचललं ते उघड आहे. तरी संज्ञा म्हणून मॅलाप्रॉपबाईंचं नाव टिकलं. आमच्या मते त्याचं कारण असं की त्यांच्या आडनावातच त्यांचा दोष सांगितलेला आहे, तो वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

आता तुमच्या कामाचं. डेव्हिड फे आणि अ‍ॅन कटलर या भाषाभ्यासकांनी १९७७ मध्ये अशा चुकांचा अभ्यास मांडला. त्यांच्या कसोट्या तीन. चुकून आलेला शब्द भाषेत खरोखर असला पाहिजे. त्याचा अर्थ मूळ शब्दापासून दूर असला पाहिजे. आणि उच्चार मात्र जवळचा हवा. शिवाय त्यांना असंही दिसलं की नामाच्या जागी सहसा नामच येतं, क्रियापदाच्या जागी क्रियापद, आणि अक्षरांची संख्याही बहुधा तीच राहते.

या कसोट्या लावल्या की तालमीत कुणी का हसत नाही ते कळतं. मूळ नाटकात बाई एका गृहस्थाला सभ्यतेचं ‘पिनॅकल’ म्हणायला जातात आणि ‘पाइनॅपल’ म्हणून बसतात. मराठीत ‘सभ्यतेचा अननस’ केलंत तर अर्थ विचित्र होतो खरा, पण ‘अननस’ ऐकून कुणाला ‘शिखर’ आठवणार? योग्य शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटला नाही तर हसू येत नाही. म्हणून इंग्रजी शब्द विसरा आणि बाईंना काय म्हणायचं होतं ते शुद्ध मराठीत लिहा : ‘सभ्यतेचा अगदी कळस आहे तो!’ आता ‘कळस’च्या आसपासचे शब्द चाचपा. ‘आळस’ मिळतो. तोही तीन अक्षरी, शेवटची दोन अक्षरं तीच. दोन्ही पुल्लिंगी, म्हणून ‘सभ्यतेचा’ बदलावं लागत नाही. ‘सभ्यतेचा अगदी आळस आहे तो!’ झालं तुमचं वाक्य.

लिंगाचं हे पथ्य इंग्रजीत नाही, मराठीत पाळावंच लागतं. बदली शब्दाचं लिंग वेगळं असेल तर ‘चा’चं ‘ची’ करावं लागतं, आणि प्रेक्षकाला शब्द यायच्या आधीच काहीतरी वेगळं येतंय याचा सुगावा लागतो. ‘चा’ तसाच ठेवलात तर चूक व्याकरणाची वाटते आणि बाई अडाणी दिसतात. त्या अडाणी नाहीत, त्यांना भारदस्त शब्दांचा सोस आहे. लिंग जुळतच नसेल तर ‘सारखा-सारखी’ची रचना घ्या, कारण ती ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या लिंगाप्रमाणे चालते. भाचीच्या हट्टाबद्दल बोलताना बाईंना नाईलकाठची ‘अ‍ॅलिगेटर’ म्हणायचं असतं, तोंडून ‘अ‍ॅलेगरी’ निघतं. रूपांतर गोव्यात घडत असेल तर मूळ वाक्य होईल : ‘कुंभारजुव्याच्या खाडीतल्या मगरीसारखी हट्टी आहे मेली!’ आणि बाई म्हणतील : ‘कुंभारजुव्याच्या खाडीतल्या मखरासारखी हट्टी आहे मेली!’ मगर स्त्रीलिंगी, मखर नपुंसकलिंगी, पण ‘हट्टी’ आणि ‘सारखी’ भाचीशी जुळतात, म्हणून वाक्य अडत नाही. खाडीतली मगर आणि नवरात्रातलं मखर दोन्ही इथल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असतात. भाचीच्या लग्नाचा विषय निघाला की ‘आमची लिडिया अजून अविवादित आहे’ हेही चालेल.

काही जोड्या मात्र फसतात. ‘अभिनंदन’च्या जागी ‘अभिवादन’ घातलंत तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण अर्थ फार जवळ आहेत. ‘परिसंवाद’चं ‘परिसंवेद’ केलंत तर तो शब्दच नाही, नट अडखळला असं वाटेल. आणि योग्य शब्दच लोकांच्या रोजच्या कानावर नसेल तर त्याची चूक कुणाला कळणार? शक्यतो चुकीचा शब्द ठरलेल्या शब्दजोडीच्या शेवटी ठेवा. ‘सभ्यतेचा’ म्हटलं की ‘कळस’ कानाने आधीच धरलेला असतो.

‘सभ्यतेचा आळस’ असं सलग लिहू नका. ‘चा’तला आकार आणि ‘आळस’मधला आकार एक होतात, मोकळ्या पटांगणात ध्वनिक्षेपकातून ‘सभ्यतेचाळस’ ऐकू येतं आणि प्रेक्षक मनाने ‘कळस’ भरून मोकळा होतो. मधे ‘अगदी’ घातला की ‘दी’नंतर ‘आ’ सुटा पडतो. नटीने त्या शब्दाआधी थांबायचं नाही, हसायचं नाही, आवाजही चढवायचा नाही. बाईंना आपली खात्री आहे, आणि वाक्याचा वेग तोच राहिला तरच ती खात्री दिसते. थांबायचं ते वाक्य संपल्यावर, अर्धा श्वास. जत्रेत हशा मागच्या रांगांतून उशिरा येतो.

प्रश्न : स्पूनरिझम आणि मॅलाप्रॉपिझम यांत नेमका फरक काय? दोन्हींत शब्दच चुकतात. परीक्षेत उदाहरण दिलं की माझा गोंधळ होतो.
— बारावीचा विद्यार्थी, मडगाव

उत्तर : मॅलाप्रॉपिझममध्ये योग्य शब्द वाक्यात नसतोच, त्याच्या जागी दुसराच येऊन बसलेला असतो. स्पूनरिझममध्ये योग्य शब्दांचे सगळे आवाज वाक्यातच असतात, त्यांनी फक्त जागा बदललेल्या असतात. म्हणून कसोटी सोपी : जे ऐकलं त्यातलेच आवाज हलवून बरोबर वाक्य मिळतं का? मिळालं तर स्पूनरिझम.

हे नाव खऱ्या माणसाचं आहे. रेव्हरंड विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर (१८४४–१९३०) ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात होते आणि १९०३ ते १९२४ तिथले वॉर्डन, म्हणजे प्रमुख. त्यांच्या नावावर खपवलेली बहुतेक वाक्यं विद्यार्थ्यांनी रचलेली आहेत. तेव्हा उत्तरात ‘स्पूनर असं म्हणाले’ लिहिण्यापेक्षा ‘स्पूनर यांच्या नावावर सांगितलं जातं’ असं लिहा.

मराठी उदाहरण स्वतः बनवून पाहा, म्हणजे पक्कं होईल. ‘ताक-भात’चं होतं ‘भाक-तात’. ‘गोड खीर’चं ‘खोड गीर’. सुदैवाने ‘भाक’, ‘तात’ आणि ‘खोड’ हे शब्द मराठीत आहेत. मात्र स्पूनरिझमला ही अट नाही, निरर्थक शब्द आला तरी चालतो. पुष्कळ मुलं चुकतात ती अशी : ‘गोड खीर’मधली ‘गो’ आणि ‘खी’ ही पूर्ण अक्षरं उचलून ‘खीड गोर’ करतात. देवनागरीत अक्षराबरोबर स्वर चिकटलेला दिसतो म्हणून असं होतं. हलवायचं ते फक्त सुरुवातीचं व्यंजन, काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी राहते. सुरुवातीला जोडाक्षर असेल तर त्यातली सगळी व्यंजनं एकत्र जातात : ‘प्रेमळ काका’चं ‘क्रेमळ पाका’.

प्रश्न : चवथीच्या आरत्यांत मुलं ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ करतात. याला मॅलाप्रॉपिझम म्हणावं का?
— प्राथमिक शिक्षिका, डिचोली

उत्तर : नाही. इथे चूक जिभेची नाही, कानाची आहे, आणि तिला इंग्रजीत वेगळं नाव आहे : मॉन्डग्रीन. हे नाव ज्या बाईचं, ती कधी नव्हतीच. अमेरिकी लेखिका सिल्व्हिया राइट यांनी १९५४ मध्ये ‘हार्पर्स मॅगझीन’मध्ये लेख लिहिला. लहानपणी आई त्यांना एक स्कॉटिश पोवाडा वाचून दाखवायची. त्यात सरदाराला मारून ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे हिरवळीवर ठेवलं, असं होतं. मुलीला ऐकू आलं ‘लेडी मॉन्डग्रीन’, आणि सरदाराबरोबर एक बिचारी बाईही मेली असं ती समजत राहिली. ‘हिम’मधला हकार बोलताना विरतो, ‘म’ पुढच्या ‘ऑन’ला चिकटतो आणि शब्दांच्या सीमा सरकतात. अशा चुकांना राइट यांनी त्या बाईचंच नाव दिलं.

तुमच्या मुलांचंही तेच होतं. ‘फणिवर’ म्हणजे श्रेष्ठ नाग, आणि गणपतीने तो कमरेला बांधला आहे. हा शब्द मुलांनी कधी ऐकलेला नसतो, घरातली ‘फळी’ मात्र रोजची. ‘बंधना’चं ‘वंदना’ होतं, कारण आरतीत वंदन असणार हे त्यांना माहीत असतं. कान अनोळखी आवाजांतून ओळखीचा शब्द शोधतो. घुमट, शामेळ आणि कांसाळे या वाद्यांच्या तालावर अक्षरं लांबली आणि तुटली की हे अधिकच होतं. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ मोठी माणसंही म्हणतात. ती चूक निघायला सगळ्यांत अवघड, कारण संकष्टी गणपतीचीच असल्याने चुकीचा पाठही अर्थपूर्ण वाटतो.

वर्गात दुरुस्त करताना नुसतं ‘चूक’ म्हणून भागत नाही. आधी फळ्यावर ‘फणि – वर – बंधना’ असं फोडून लिहा, चित्रात नागाचा कमरपट्टा दाखवा, मग तालाशिवाय तीन-चारदा म्हणून घ्या, आणि शेवटी टाळ्यांवर घ्या. अर्थाआधी ताल आला तर जुना पाठ परत येतो.

प्रश्न : ‘अलेक्झांड्राइन’ ही कवितेतली ओळ इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या नावावरून आली ना? आणि ‘यूफ्युइझम’ व ‘यूफेमिझम’ एकच का?
— बी. ए.ची विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : दोन्हींचं उत्तर नाही. पोपचा जन्म १६८८ चा, आणि त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधी हा शब्द इंग्रजीत होता. नावावरून आलेल्या कुठल्याही शब्दाची कथा ऐकली की आधी तारखा ताडून पाहा : शब्दाचा पहिला आढळ माणसाच्या जन्माआधीचा असेल तर कथा तिथेच संपते. हा अलेक्झांडर म्हणजे आपला सिकंदर. बाराव्या शतकात फ्रेंचमध्ये त्याच्यावर रचलेल्या दीर्घ काव्यात बारा अक्षरी ओळ वापरली गेली, त्यावरून हे नाव. इंग्रजीत ती सहा आयंबिक गणांची (आयंबिक गण म्हणजे एक आघात नसलेलं आणि एक आघात असलेलं अक्षर) होते. कवी स्पेन्सरच्या नऊ ओळींच्या कडव्यात आठ ओळी पाच गणांच्या असतात आणि नववी अलेक्झांड्राइन. पोपचं नाव मधे येतं ते १७११ मधल्या एका काव्यामुळे. उगाच वापरलेल्या अलेक्झांड्राइनला त्याने जखमी सापासारखं सरपटणारी म्हटलं, आणि तेही अलेक्झांड्राइनमध्येच.

‘यूफ्युइझम’ हा जॉन लिलीच्या १५७८ च्या पुस्तकाचा नायक यूफ्युइस याच्यावरून आला. समतोल तोललेली वाक्यं, अनुप्रास आणि प्राणी-वनस्पतींच्या उपमांची रास, अशी ती गद्यशैली. ‘यूफेमिझम’ म्हणजे कटू गोष्ट सौम्य शब्दांत सांगणं. तो ग्रीक सामान्य शब्द आहे, कुणाचं नाव नाही. कुणी ‘वारले’ऐवजी ‘देवाघरी गेले’ म्हटलं तर तो यूफेमिझम. फ्यु आणि फे यांत उत्तरपत्रिकेत गुण जातात, स्पेलिंग पाठच करा.

प्रश्न : ‘बाउडलराइज’ हे कुणाचं नाव?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : थॉमस बाउडलर यांचं. घरात मोठ्याने वाचता यावं म्हणून शेक्सपियरमधला ‘अशोभनीय’ मजकूर गाळून ‘फॅमिली शेक्सपियर’ काढलं गेलं, त्यावरून असा मजकूर गाळण्याला ‘बाउडलराइज’ म्हणतात. मात्र १८०७ च्या पहिल्या आवृत्तीतली वीस नाटकं मुख्यतः त्यांच्या बहिणीने, हेन्रिएटाने संपादित केली होती. काम तिचं आणि शब्द भावाच्या नावाने, हे दर वेळी सांगितलं गेलं पाहिजे.

प्रश्न : ‘क्लेरिह्यू’ हा काव्यप्रकार मराठीत लिहून पाहिला, पण चारोळीच होते. काय चुकतं?
— हौशी कवी, पेडणे

उत्तर : एडमंड क्लेरिह्यू बेंटली (१८७५–१९५६) यांनी लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत असताना हा प्रकार सुरू केला. ‘क्लेरिह्यू’ हे त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. पहिला संग्रह १९०५ मध्ये आला, चित्रं शाळूसोबती चेस्टरटनची.

रचना अशी : चार ओळी, यमक दोन-दोन ओळींचं. पहिली ओळ एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या नावावर संपते. दुसरी त्या नावाशी यमक जुळवते. उरलेल्या दोन ओळींत त्या व्यक्तीबद्दल काहीतरी खरं किंवा खरं वाटेलसं. आणि ओळींची लांबी मुद्दाम असमान. तुमचं चुकतं ते इथेच, असा आमचा अंदाज आहे. मराठी कानाला अभंग-ओवीचं वळण इतकं आहे की हात आपोआप मात्रा सारख्या करतो, आणि मात्रा सारख्या झाल्या की चारोळी झाली. तिसरी किंवा चौथी ओळ मोजून दुप्पट लांब करा. उदाहरणादाखल :

अफोंसो द अल्बुकर्क
आळसात कधीच राहिला नाही गर्क.
गोवा घेतला, घालवला, मग भर पावसाळ्यात जहाजांवर अडकून पडला पाण्यात;
नोव्हेंबरात पुन्हा हजर जुन्या ठाण्यात.

यातली हकीकत खरी आहे. १५१० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळवलेलं गोवा शहर या पोर्तुगीज सेनानीने मे महिन्यात आदिलशाही फौजेपुढे सोडलं, पावसाळ्यात तो नदीतच अडकला, आणि २५ नोव्हेंबरला शहर पुन्हा घेतलं. ‘अल्बुकर्क’ला यमक कमी, ‘तर्क’, ‘अर्क’, ‘गर्क’ असे मोजकेच. म्हणून दुसरी ओळ आपसूक वेगळ्या वाटेला जाते. अवघड नाव घेण्यात हाच फायदा आहे. ‘कर’ने संपणारं आडनाव घेतलंत तर ‘घर’, ‘भर’, ‘वर’, ‘नंतर’ असे शंभर शब्द हजर असतात, पहिला सुचलेला बसवला जातो आणि ओळ ढिली पडते. तसंच आडनाव घ्यायचं असेल तर पूर्ण नाव उलटं लिहून पाहा, आडनाव आधी आणि नाव शेवटी. यमक नावाशी जुळवा. वृत्त मोडतं, पण या प्रकारात ते मोडलेलंच हवं.